बऱ्याच वर्षांनी पुन्हा मोटारसायकल : लांब पल्ल्याची गाडी निवडण्याचा क्रम

गाडी आधी बुक होते, आणि लायसन नंतर कपाटातून बाहेर निघते. पन्नाशीच्या आसपास पुन्हा मोटारसायकलकडे वळणाऱ्यांची पहिली चूक हीच असते. तरुणपणी आरएक्स, स्प्लेंडर किंवा जुनी बुलेट चालवलेली असते. मधली वीस वर्षे स्कूटर आणि कारमध्ये जातात. मग मुले मार्गी लागली की बेळगावकरांना आंबोली, चोर्ला, गोकाक खुणावू लागतात. शोरूममध्ये जाऊन मनात भरलेली गाडी घेतली जाते. तीन महिन्यांनी ती कव्हर घालून जिन्याखाली उभी असते, कारण ती जड वाटते, गुडघा दुखतो किंवा घरची मंडळी मागे बसायला तयार नसतात.

हे टाळायचे तर क्रम उलटा करावा लागतो : आधी कागद आणि शरीर, मग सराव, मग आपल्या प्रवासाचा हिशेब, मग माप आणि सगळ्यात शेवटी गाडी. आणि निवडताना एक गोष्ट सतत डोळ्यांसमोर ठेवावी. या वयातल्या चालकाची गाडी ऐंशीच्या वेगात क्वचित पडते. ती पडते गल्लीत वळवताना, पेट्रोल पंपावर, चढावर साइडपट्टीला थांबताना, मागे कोणी बसत किंवा उतरत असताना. म्हणून शून्य ते दहाच्या वेगात जी गाडी आपल्या ताब्यात राहते ती आपली. ऐंशीला आजची कोणतीही गाडी चांगलीच चालते.

टप्पा १ : लायसन आणि शरीर

लायसनवर दोन गोष्टी बघा. पहिली, वर्ग. बरीच वर्षे फक्त स्कूटर चालवणाऱ्यांच्या लायसनवर कधी कधी विनागिअर दुचाकी एवढेच असते; तुम्हाला गिअरच्या मोटारसायकलचा वर्ग हवा. दुसरी, मुदत. जुनी लायसन्स वीस वर्षे किंवा वयाची पन्नाशी, जे आधी येईल तिथपर्यंतच चालायची, त्यामुळे ती संपल्याचे अनेकांच्या लक्षातच आलेले नसते. आताच्या नियमाने पन्नास ते पंचावन्न वयात काढलेले किंवा नूतनीकरण केलेले लायसन साठाव्या वर्षापर्यंत चालते, आणि पंचावन्ननंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. मुदत संपून वर्ष उलटले असेल तर पुन्हा चाचणी द्यावी लागते. चाळिशीनंतर डॉक्टरांच्या सहीचा फॉर्म १-ए लागतो. लायसन जुने पुस्तकी असेल तर त्याची नोंद ‘सारथी’ या लायसनच्या सरकारी पोर्टलवर चढली आहे का ते आधी पाहा. चढली नसेल तर ते काम गाडी घेण्याआधी उरकून टाका.

> थांबा : मुदत संपलेल्या लायसनवर गाडी चालवताना अपघात झाला, तर विम्याचा दावा नाकारला जाऊ शकतो. लायसन हातात आल्याशिवाय शोरूमची पायरी चढू नका.

शरीराच्या चार गोष्टी स्वतः तपासता येतात. हनुवटी दोन्ही खांद्यांकडे किती वळते ते पाहा. मागचे वाहन आरशात दिसत नसेल तेव्हा हीच मान कामाला येते. डावी मूठ पन्नास वेळा आवळून सोडा. शेवटच्या दहा वेळांत बोटे थकली तर हलका क्लच ही तुमची पहिली अट. एका पायावर वीस सेकंद उभे राहून पाहा, दोन्ही पायांवर. आणि गुडघे नव्वद अंशांत दुमडून अर्धा तास बसून पाहा.

डोळ्यांचा नंबर सहा महिन्यांपेक्षा जुना असेल तर नवा काढा. दूर-जवळचा एकच चष्मा असेल तर खालच्या भागातून मीटर दिसतो, पण मान खाली घातली की रस्ता धूसर होतो. त्यासाठी फक्त लांबच्या नंबरचा वेगळा चष्मा उपयोगी पडतो. चष्म्याच्या काड्या बारीक आणि सरळ असाव्यात, नाहीतर हेल्मेटमध्ये तासाभरात कानामागे ठसठसू लागते. मधुमेह असेल तर गोळी किंवा इन्सुलिन आणि न्याहारी यांतले अंतर प्रवासाच्या दिवशी कसे ठेवायचे ते डॉक्टरांना विचारून घ्या, आणि ग्लुकोज टँकबॅगेत नव्हे, खिशात ठेवा. सर्दीच्या गुंगी आणणाऱ्या गोळ्या घेतल्या असतील तर त्या दिवशी गाडी काढू नये.

टप्पा २ : छोट्या गाडीवर दीड महिना

हा टप्पा जवळजवळ सगळे गाळतात, आणि पुढची निम्मी दुखणी इथेच टळतात.

घरातली, भावाची किंवा मित्राची १०० ते १५० सीसीची गिअरची गाडी मागून घ्या. विमा चालू आहे ना ते बघा. तिच्यावर दीड महिन्यात किमान ५०० किलोमीटर चालवा. मिळालीच नाही तर जुनी स्प्लेंडरसारखी गाडी घेऊन दोन महिन्यांनी विकणे हेसुद्धा मोठ्या गाडीवर शिकण्यापेक्षा स्वस्त पडते.

याचे कारण पायात आहे. स्प्लेंडरचे चारही गिअर पुढे दाबून पडतात. आजच्या मोठ्या गाड्यांचा पहिला गिअर खाली आणि बाकीचे वर असतात. तिसऱ्यात साठच्या वेगात असताना जुन्या सवयीने पाय पुढे दाबला गेला, तर चौथा पडत नाही, दुसरा पडतो आणि मागचे चाक हिसका देते. जुन्या बुलेटवाल्यांची अडचण याहून मोठी असते. तिचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्याला. घाबरल्या क्षणी डावा पाय ब्रेक शोधतो आणि गिअर दाबतो. ही सवय समजावून जात नाही. शेकडो वेळा बरोबर केल्यानेच जाते. त्यामुळे सरावाची गाडी पहिला खाली, बाकी वर अशा गिअरची मिळाली तर उत्तम.

दुसरी जुनी सवय म्हणजे फक्त मागचा ब्रेक मारणे. ब्रेक मारला की वजन पुढे येते आणि थांबवण्याचे बहुतेक काम पुढचे चाक करते. मोकळ्या मैदानाच्या कोरड्या डांबरी कडेला ४० च्या वेगातून दोन्ही ब्रेक एकत्र, पुढचा हळूहळू आवळत, रोज दहा वेळा थांबा. हँडल सरळ असतानाच. पुढचा ब्रेक झटक्यात ओढायचा नाही. लिंबू पिळतात तसा दाबत न्यायचा.

> तपासा : पुढची चार कामे सलग दहा वेळा, पाय न टेकवता जमली की टप्पा तीन.
> • दुपदरी रस्त्याच्या रुंदीत, म्हणजे साधारण सात मीटरमध्ये यू-टर्न, दोन्ही बाजूंना.
> • चालण्याच्या वेगात हाफ क्लच आणि मागच्या ब्रेकवर पंधरा मीटर सरळ जाणे.
> • बेळगावच्या कपिलेश्वर उड्डाणपुलासारख्या चढावर थांबून, मागचा ब्रेक धरून, मागे न घसरता निघणे. यात पाय टेकणार, पण गाडी एक वीतही मागे जाता कामा नये.
> • इंडिकेटर, आरसा, मान वळवून बघणे आणि मगच लेन बदलणे, हा क्रम न विसरता.

यू-टर्न जमत नसेल तर बहुतेक वेळा नजर चुकलेली असते. पुढच्या चाकाकडे पाहिले की गाडी तिथेच पडते. जिथे जायचे तिकडे, म्हणजे खांद्यावरून मागे बघायचे.

टप्पा ३ : आपला प्रवास कागदावर

लडाख मनात असते, पण गाडी वर्षभर बेळगावातच फिरते. एका कागदावर पुढच्या वर्षभरातले खरे प्रवास लिहा : कुठे, किती किलोमीटर, एकटे की डबलसीट, कोणत्या महिन्यात. या पट्ट्यातले बहुतेक कागद असेच दिसतील : महिन्यातून दोनदा आंबोली, तिलारी किंवा दांडेली, वर्षातून दोन-तीनदा चोर्ल्याने गोवा, कोल्हापूरला महामार्गाने, सौंदत्तीला डबलसीट, उरलेला वापर शहरात.

यातून तीन उत्तरे निघतात.

पहिले, ताकद. चौपदरी महामार्गावर मोटारसायकलला ८० ची वेगमर्यादा आहे. तवंदी किंवा वंटमुरीच्या चढाला ३५० सीसीची वीस अश्वशक्तीची गाडी दोघांना घेऊन व्यवस्थित जाते. गिअर एक खाली घ्यावा लागतो, इतकेच. चाळीस अश्वशक्तीची गरज या कागदातून सहसा निघत नाही.

दुसरे, रस्ता. जांबोटी-कणकुंबी-चोर्ला हा रस्ता पावसाळ्यानंतर कसा होतो ते सगळ्यांना ठाऊक आहे. खड्डे सोसणारे सस्पेन्शन आणि १७० मिलिमीटरच्या आसपास ग्राउंड क्लिअरन्स हवाच. मात्र खड्ड्यांसाठी उंच अ‍ॅडव्हेंचर गाडीच लागते हे खरे नाही. वेग ४० वर आणला की साधी गाडीही तो रस्ता पार करते, आणि या वयात तो वेग ४० वरच आणायचा असतो.

तिसरे, टायर. ट्यूबलेसच घ्या. यावर तडजोड नको. स्पोकच्या चाकात बहुधा ट्यूब असते. पंक्चर झाले की चाक काढावे लागते. कणकुंबीच्या पुढे जंगलात रेंज जाते, पंक्चरवाला नसतो. ट्यूबलेसला पंक्चर किट, छोटा पंप आणि पंधरा मिनिटे पुरतात. एकाच मॉडेलमध्ये स्पोक आणि अलॉय दोन्ही मिळत असतील तर दिसण्यावर जाऊ नका.

कागदाच्या खाली आणखी एक ओळ लिहा : अधिकृत सर्व्हिस सेंटर कुठे? बेळगावात नसेल आणि दर सर्व्हिसला हुबळी किंवा कोल्हापूर गाठायचे असेल, तर ती गाडी यादीतून काढा.

टप्पा ४ : माप घेणे

अनवाणी भिंतीला पाठ लावून उभे राहा. एक जाड वही पायांमध्ये घालून, जांघेपर्यंत वर ओढा, आणि वहीच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजा. हे तुमच्या पायाचे खरे माप. उंचीवरून अंदाज बांधू नका. एकाच उंचीच्या दोघांत हे माप पाच सेंटिमीटरने वेगळे निघते.

आता हे माप सीटच्या उंचीशी ताडा. तुम्ही बसलात की शॉकअप दोन-तीन सेंटिमीटर दबतात, बुटाचा तळ आणखी दोन-तीन सेंटिमीटर देतो, पण सीट रुंद असेल तर मांड्या फाकतात आणि मिळालेले सगळे परत जाते. म्हणून सीटची उंची पायाच्या मापापेक्षा चार सेंटिमीटरपर्यंत जास्त असली तरी चालते. त्यापुढे गाडी फार अरुंद आणि हलकी असेल तरच. डबलसीट जायचे असेल तर एवढीही सूट घेऊ नका.

काही परिचित गाड्यांचे आकडे असे. वर्षानुसार थोडे बदलतात, म्हणून घेताना पत्रक बघाच.

• बजाज अ‍ॅव्हेंजर २२० क्रूझ : सीट ७३७ मिमी, वजन सुमारे १६३ किलो
• रॉयल एन्फील्ड मीटिऑर ३५० : ७६५ मिमी, १९१ किलो
• होंडा हायनेस सीबी ३५० : ८०० मिमी, १८१ किलो
• रॉयल एन्फील्ड क्लासिक ३५० : ८०५ मिमी, १९५ किलो
• रॉयल एन्फील्ड हिमालयन ४५० : ८२५ मिमीपासून पुढे, १९६ किलो
• सुझुकी व्ही-स्ट्रॉम एसएक्स : ८३५ मिमी, १६७ किलो

तुमची जुनी आरएक्स शंभर किलोच्या आसपास होती. क्लासिक म्हणजे जवळजवळ दोन आरएक्स. पन्नाशीतल्या गुडघ्यांवर हा फरक थांबताना पडतो.

आमचे मत स्पष्ट आहे. पायाचे माप ७६ सेंटिमीटरच्या खाली असेल आणि निम्म्याहून जास्त प्रवास डबलसीट असेल, तर मीटिऑरच्या उंचीची गाडी. बहुतेक एकट्याने जायचे असेल, माप ८० च्या वर असेल आणि कच्चा रस्ता रोजचा असेल, तर व्ही-स्ट्रॉम एसएक्ससारखी हलकी गाडी. मधल्यांसाठी हायनेस किंवा क्लासिक. हिमालयन ४५० गाडी म्हणून उत्तम आहे, पण पहिल्या वर्षी ती घेऊ नये. आधी वर्षभर दुसऱ्या गाडीवर हात बसू द्यावा.

क्रूझरबद्दल एक इशारा. पाय जितके पुढे, तितके शरीराचे सगळे वजन माकडहाडावर. पाय जमिनीवर मापात टेकतात म्हणून क्रूझर घेतली आणि निपाणीपर्यंतच कंबर धरली, असे होते. ज्यांना कंबरेचे दुखणे आहे त्यांनी पावले गुडघ्यांच्या बरोबर खाली येतात अशी बैठक शोधावी. खड्ड्यात किंचित उठता आले पाहिजे.

> थांबा : उंच गाडी घेऊन ती ‘खाली करून देतो’ असे कोणी म्हणाले तर ऐकू नका. मागची लिंक बदलली की साइड स्टँड लांब ठरतो, गाडी उभी राहताना दुसऱ्या बाजूला कलते, गतिरोधकाला तळ घासतो आणि वळणात हँडल जड होते. सीटचा फोम दोन सेंटिमीटर कमी करणे ठीक. त्यापुढे नको.

टप्पा ५ : उभ्या गाडीवर

शोरूममध्ये प्रवासाचेच बूट घालून जा. जिच्यासोबत किंवा ज्याच्यासोबत प्रवास करणार, त्यांना बरोबर न्या. इंजिन बंद असतानाच पुढचा क्रम करा.

साइड स्टँडवरून गाडी सरळ करा. दोन्ही चवडे पूर्ण टेकतात का, आणि एक पाय वर घेतल्यावर दुसऱ्याची टाच टेकते का? मग गाडी हळूहळू दोन्ही बाजूंना कलती करा. कोणत्या कोनापाशी ती आपल्याला ओढू लागते ते ओळखून ठेवा; तो कोन लवकर आला तर वजन वर आहे.

मग न्यूट्रलमध्ये बसल्या बसल्या पायांनी गाडी दोन मीटर मागे ढकला. शक्य असेल तर शोरूमच्या उतारावर, चढाच्या दिशेने मागे. आपल्याकडच्या गल्ल्यांत गाडी रोज अशीच मागे घ्यावी लागते. हे जमले नाही तर बाकी काही बघू नका.

नंतर डबल स्टँड. उजव्या पायाचा सगळा भार स्टँडच्या पट्टीवर द्यायचा, गाडी आपोआप वर येते. हाताने ओढायची नसते. ज्या गाडीला डबल स्टँडच नाही तिची चेन तेल लावताना त्रास देणार, हे धरून चाला.

आता मागे बसणारी व्यक्ती. क्रम असा : तुम्ही बसा, दोन्ही पाय टेका, पुढचा ब्रेक घट्ट धरा, मग ‘बसा’ म्हणा. चढताना डाव्या पावदानावर पूर्ण वजन आले की गाडी डावीकडे ओढली जाते. ती ओढ सांभाळता येते का हे इथेच कळेल. त्यांचा गुडघा किती दुमडतो, मागे टेकायला आधार आहे का, धरायला दांडा हाताला येतो का, हे त्यांना विचारा आणि त्यांचे उत्तर ऐका. मागची सीट अरुंद असेल तर दुसऱ्या प्रवासाला तुम्ही एकटेच निघाल. उंच टॉप बॉक्स लावणार असाल तर पाय त्यावरून पलीकडे टाकता येणार नाही, हेही आत्ताच पाहा.

> तपासा : एबीएस, म्हणजे ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, दोन्ही चाकांना आहे की फक्त पुढच्या? १२५ सीसीवरच्या गाड्यांना एबीएस सक्तीचे आहे, पण काही मॉडेल एकाच चाकाचे देतात. घाटात पावसात उतरायचे असेल तर दोन्ही चाकांचे घ्या.

टप्पा ६ : चालवून बघणे

शोरूमभोवतीची दोन किलोमीटरची चक्कर म्हणजे टेस्ट राइड नव्हे. किमान पाऊण तास मागा. देत नसतील तर दुसऱ्या डीलरकडे जा, किंवा ती गाडी असलेल्या ओळखीच्या माणसाला विनंती करा. चार तुकडे व्हायला हवेत : गणपत गल्लीसारखी गर्दी, एखादा उड्डाणपूल, महामार्गाचे दहा किलोमीटर आणि खडबडीत रस्ता.

गर्दीत बघायचे ते क्लचचा जोर आणि पायाला लागणारी इंजिनाची धग. असिस्ट क्लच असलेल्या गाड्यांचा लिव्हर बराच हलका असतो. दर वेळी न्यूट्रल सहज मिळते का? महामार्गावर ८० ला हँडल, पावदान आणि सीट या तिन्हींत थरथर वेगवेगळी असते. दहा मिनिटांनी बोटे मुंग्या आल्यासारखी वाटली तर तासाभरात बधिर होतील. ट्रक शेजारून गेला की वारा छातीला लागतो की हेल्मेटला, हे बघा. वारा थेट हेल्मेटवर आदळत असेल तर काच बदलता येते, पण मान आखडतेय हे आज लक्षात आले पाहिजे.

परत आल्यावर दहा मिनिटे उभे राहा. तळहात, मनगट, कंबर, गुडघा यांपैकी जे आत्ता कुरकुरत असेल ते चार तासांनी ओरडणार. कागदावर लिहा आणि त्या दिवशी पैसे भरू नका. दुसरी गाडी दुसऱ्या दिवशी चालवा.

टप्पा ७ : नवी, वापरलेली, आणि पासिंगचा प्रश्न

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या मोटारसायकलींवर १८ टक्के जीएसटी आहे, त्यावरच्यांवर ४० टक्के. म्हणजे ३४९ आणि ४५० सीसी यांच्यातली दरी रुंदावली आहे. हाही ३५० च्या बाजूचा मुद्दा.

सीमाभागात नेहमी होणारी चूक म्हणजे स्वस्त मिळते म्हणून कोल्हापुरातून एमएच-०९ ची गाडी आणणे आणि तशीच चालवत राहणे. एका राज्यात नोंदलेली गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून जास्त ठेवली तर तिची तिथे पुन्हा नोंदणी करावी लागते. त्यासाठी मूळ आरटीओचे फॉर्म २८ चे ना-हरकत पत्र लागते, आणि कर्नाटकचा कर भरावा लागतो. बेळगावचे केए-२२ किंवा चिकोडीचे केए-२३ पासिंग करायला एकूण किती खर्च येईल, हे आधी आरटीओत विचारा आणि तो किमतीत मिळवा. बऱ्याचदा स्वस्ताई तिथेच संपते.

वापरलेली गाडी बघायला सकाळी जा, आणि इंजिन थंड ठेवायला सांगा. पोहोचल्यावर आधी इंजिनाजवळ हात धरून बघा. गरम असेल तर विकणाऱ्याने सुरू करून ठेवलेली आहे, परत या. थंड गाडी पहिल्या-दुसऱ्या स्टार्टला लागली पाहिजे. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते.

पुढचे चाक उचलून हँडल सावकाश वळवा. मधोमध खाचेत अडकल्यासारखे वाटले तर कोनसेट, म्हणजे हँडलचे बेअरिंग, गेला. खड्ड्यांच्या रस्त्यावरच्या गाड्यांत हे हमखास असते. फोर्कच्या, म्हणजे पुढच्या शॉकअपच्या, चकचकीत नळीवरून बोट फिरवा, तेल लागले तर सील बदलायचे. मागच्या स्प्रॉकेटवर चेन मागे ओढा. अर्धा दात उघडा पडला तर चेनसेटचा खर्च धरा. टायरच्या बाजूला चार आकडे असतात : ‘२३२१’ म्हणजे २०२१ चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही शिल्लक असो, पाच वर्षांवरचा टायर बदलायचा. टॉर्च लावून टाकीच्या आत बघा. खानापूर-जांबोटीच्या पावसात उघड्यावर राहिलेल्या गाडीच्या टाकीत गंज दिसतो. सायलेन्सर आणि स्टँड खालून बघा.

कागदांत चेसिस नंबर गाडीवरून वाचून आरसीशी जुळवा. कर्जाचा बोजा असेल तर बँकेचे पत्र आणि फॉर्म ३५, नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३०. थकलेले ई-चलन गाडीच्या नंबरवरून ऑनलाइन दिसते.

> थांबा : ‘नाव नंतर बदलू’ या बोलीवर पैसे देऊ नका. आरसी दुसऱ्याच्या नावावर असताना विम्याचे काम अडते.

टप्पा ८ : गाडीबाहेरचे पैसे

एकूण रकमेतले निदान पंधरा टक्के आधीच बाजूला काढा. आयएसआय खुणेचे पूर्ण हेल्मेट दोघांसाठी, गार्ड असलेले जॅकेट, घोट्यावर जाणारे बूट, हातमोजे, पावसाळी कोट. जुने हेल्मेट पाच वर्षांवरचे असेल किंवा एकदा आपटलेले असेल तर टाकून द्या. हेल्मेट निवडताना गालाला घट्ट बसले पाहिजे, कपाळावर एका जागी टोचता कामा नये. चष्मा घालून-काढून बघा. पैसे कमी पडत असतील तर गाडीची आवृत्ती एक पायरी खाली घ्या, बूट खाली घेऊ नका.

जाड क्रॅशगार्ड, लोखंडी कॅरिअर, जादा लाइट हे लगेच लावू नका. सगळे मिळून सहज पंचवीस किलो होतात, आणि ते वजन बहुतेक मागे आणि वर बसते.

टप्पा ९ : घरी आणल्यावर

पहिल्या दिवशी गाडी तुमच्या अंगाला जुळवा. क्लच आणि ब्रेकचे लिव्हर असे फिरवा की बसल्यावर मनगट आणि बोटे एका रेषेत राहतील. ब्रेकचे पॅडल आणि गिअरचा खटका बुटाच्या उंचीला आणा. मागचा प्रीलोड, म्हणजे शॉकअपच्या स्प्रिंगचा ताण, शोरूममधून बहुतेक मऊ येतो. डबलसीट जाताना दोन खाच वाढवा, परत एकटे असताना उतरवा. हवा सकाळी, टायर थंड असताना, पुस्तिकेतल्या आकड्याप्रमाणे. सामानाच्या पिशव्या दोन्ही बाजूंना सारख्या, जड वस्तू तळाला. शेपटीला वजन वाढले की पुढचे चाक हलके होते आणि महामार्गावर हँडल डुलू लागते.

गाडी पडली तर ती उचलण्याची रीत घरीच, दोघांनी मिळून शिका. आधी इंजिन बंद. उजवीकडे पडली असेल तर साइड स्टँड आधीच बाहेर काढा आणि गिअर पडलेला असू द्या. पाठ सीटला लावा, हँडल जमिनीच्या बाजूला पूर्ण वळवून एका हाताने मूठ, दुसऱ्या हाताने मागचा दांडा धरा आणि पाठ सरळ ठेवून छोट्या पावलांनी मागे चालत जा. कंबर वाकवून, समोरून ओढायचे नाही.

रस्त्यांचा क्रमही ठरवून घ्या. नवे टायर पहिले शंभर-दीडशे किलोमीटर घसरतात, त्यामुळे सुरुवात बेळगाव-खानापूर या रुंद रस्त्याने, एकट्याने, सकाळी. मग राजहंसगडाचा चढ-उतार. तिथली वळणे छोटी आणि रहदारी कमी. मग महामार्गाने संकेश्वरपर्यंत. पहिली सर्व्हिस झाल्यावर शिनोळी, पाटणे फाटा मार्गे आंबोली. डबलसीट पहिला प्रवास पन्नास किलोमीटरच्या आतला. दर दीड तासाला उतरून दहा मिनिटे चालायचे, थकवा नसला तरी.

घाट उतरताना ज्या गिअरमध्ये चढलो असतो त्याच गिअरमध्ये उतरायचे. मागचा ब्रेक सतत दाबून ठेवला तर तो तापतो आणि ऐन वळणावर सुटतो. पहिल्या पावसात कडेची तांबडी माती वळणावर वाहून येते. तिथे ब्रेक आधी, वळण नंतर. पांढऱ्या पट्ट्या आणि पुलाचे सांधे ओले असताना त्यांवर गाडी कलती करू नये.

गाळपाच्या हंगामात निपाणी, चिकोडी, संकेश्वर, हुक्केरी भागात अंधारानंतर गाडी काढू नका. ट्रॉलीला मागचा दिवा नसतो, एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या असतात, आणि रस्त्यावर पडलेले उसाचे कांडे चाकाखाली लाटण्यासारखे फिरते. पन्नाशीनंतर समोरच्या झोतातून डोळे सावरायला जास्त वेळ लागतो, आणि ६० च्या वेगात दर सेकंदाला जवळजवळ सतरा मीटर मागे जातात. ओव्हरटेक करण्याआधी पुढे दुसरी ट्रॉली आहे का ते बघायचे.

चोर्ला ऑक्टोबरनंतर, धुके उतरल्यावर, सकाळी नऊच्या पुढे. निघण्याआधी टाकी फुल्ल, पंक्चर किट आणि पंप डाव्या पिशवीत सगळ्यात वर, आणि परतीला चोर्ल्याचा माथा दिवस मावळण्याआधी तास-दीड तास ओलांडता येईल अशा बेताने गोव्यातून निघायची वेळ घरी सांगून ठेवलेली.